कोळंबीसोबत आंबा

१६ एप्रिल, बुधवार

आज गुलाबरावांच्या हॉटेलात जाऊन आले. नोकरी मिळाली असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मिळाली नाही, मिळू शकते.

लहानपणी बाबांनी वही हातात दिली तेव्हाच सांगितलं होतं, केलं ते लिहायचं आणि चुकलं ते आधी लिहायचं. तेव्हा मी सारखी आजारी असायचे, दुसरीपर्यंत शाळेत गेलेच नाही. अक्षरं बाबांनीच शिकवली, मसाल्याच्या डब्यांवर खडूने लिहून. ध धन्याचा, ज जिऱ्याचा. तर चुकलेलं आधी. गुलाबरावांनी विचारलं, समुद्राचे मासे कधी केलेत का, आणि मी हो म्हणाले. मी फक्त धरणाचे केलेत, नळगंगेचे. अर्ध्या वाटेवरून परत फिरले आणि जाऊन खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "हे सांगाले एवढ्या उन्हात वापस आली का?" आणि हसले. रागावले नाहीत बहुतेक.

हॉटेल हायवेवर आहे, जूनमध्ये सुरू होणार. मुंबईहून गाडीने बर्फाच्या पेट्या येणार, सुरमई, पापलेट आणि झिंगे. गुलाबरावांची पुतणी मनालीताई पुण्याला हॉटेलचं शिकून आली आहे, ती झिंग्यांना कोळंबी म्हणते. तळायला, रश्श्याला उकंडराव नावाचे जुने आचारी आहेत. थंड पदार्थांना बाई हवी आहे. मनालीताईने फोनवर एक फोटो दाखवला. तळलेली कोळंबी, शेजारी वाटीत आंब्याचे चौकोनी तुकडे, कांदा, मिरची, कोथिंबीर. त्याला साल्सा म्हणतात. तसं करून आणायचं, १८ मेला, रविवारी दुपारी. आवडलं तर मी कामावर.

बाबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "कोशिंबीरच हाय ते. पैशेवाल्याची." आई म्हणाली, माशासंग आंबा खाल्ला तर अंगावर पांढरे डाग येतात. बाबा म्हणाले, ते दुधानं येतात, आंब्यानं नाही, आणि तुह्या मायनं दोन्ही खाल्लं तरी ती काळीच राह्यली. आई लाटणं घेऊन उठली. खूप दिवसांनी घरात हसणं झालं.

बाबा सव्वीस वर्षं भुसावळला रेल्वेच्या ड्रायव्हर लोकांच्या विश्रांतिगृहात आचारी होते. ते बरोबर म्हणाले की बरोबर. मी ठरवलं आहे, बाबांनी पास केल्याशिवाय वाटी त्या हॉटेलात न्यायची नाही.

१९ एप्रिल, शनिवार

मनालीताईने सरावाला अर्धा किलो झिंगे दिले, बर्फातले, आणि साल्साची कृती लिहिलेला कागद. पाठीतला काळा दोरा काढायला तास गेला. एकाचा राहिला की काय म्हणून सगळे पुन्हा तपासले.

पाडाचा आंबा घेतला, धड कच्चा नाही, धड पिकलेला नाही. बोराएवढे तुकडे. कांदा, काकडी, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लिंबू, भाजलेलं जिरं, मीठ. बाबांनी नेहमीसारखं तळहातावर घेतलं. पळी किंवा चमचा ते तोंडाला लावत नाहीत, त्याने अख्खं भांडं उष्टं होतं म्हणतात. हात तोंडाशी नेला आणि पाठ फिरवून नळावर गेले. बराच वेळ पाणी चालू होतं. आले तेव्हा डोळे लाल.

"मिरची काढ," म्हणाले.

मी म्हणाले, ताईंच्या कागदात मिरची आहे. तर म्हणाले, झिंगा गोड असतो, मिरचीने त्याचा जीव जातो. मला लाज वाटली. ठेच्याशिवाय ज्यांचा घास उतरत नाही, त्यांना दोन मिरच्या खटकतात म्हणजे मी काहीतरी घोळ केला असणार. मनात लिहून घेतलं, आता इथेही लिहिते. मिरची नाही.

२३ एप्रिल, बुधवार

बाबा म्हणाले, तुकडे मोठे आहेत. मी हरभऱ्याएवढे केले. तेही मोठे. मग मुगाच्या दाण्याएवढे. तेव्हा वाटी संपवली, म्हणाले, "आता बरोबर."

मुगाएवढं चिरायला पाऊण तास लागतो आणि आंब्याचं पाणी सुटतं. ते पाणी ओतून टाकू का विचारलं तर बाबांनी वाटी उचलून पिऊन टाकलं. म्हणजे पाणी काढायचं नाही. हेही लिहिते.

आई म्हणाली, रोज करत जा, सराव होईल. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी म्हणाले, एवढे आंबे कशाला वाया घालवायचे? आई म्हणाली, वाया कुठं जाऊन राह्यले, तुहे बाबा खाऊन राह्यले ना. खरं आहे. दोन्ही वेळा वाटी चाटूनपुसून रिकामी असते. मला कोणी असं प्रमाणपत्र कधी दिलं नव्हतं.

३० एप्रिल, बुधवार

आंबे आणायला शकूरचाचांकडे गेले. त्यांचं फळांचं दुकान मंडीजवळ, त्यांचे वडीलही तिथेच बसायचे. त्यांना सगळं सांगितलं, माशासोबत आंबा, हायवेचं हॉटेल. ते म्हणाले, "बेटा, चाळीस साल आंबे विकले, पन आंब्याचं लगन माशासंग लावणारी तू पहिलीच." मग पेटीत हात घालून वासावरून आंबे निवडून दिले. दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकावर ते ओरडतात. आंबा दाबला की त्याला आतून जखम होते, वरून दिसत नाही.

त्यांनी विचारलं, कचरूभाऊ दिसत नाही, पानठेल्यावर बी येत नाही. मी अभिमानाने सांगितलं की बाबांनी सुपारी सोडली. आचाऱ्याने पंगत उठेपर्यंत जेवायचं नसतं, म्हणून बाबा तोंडात सुपारी धरून ठेवायचे, भूक मरते. सकाळी धरलेली दुपारी टाकायचे, मग दुसरी. चाळीस वर्षांची सवय, आणि एका दिवसात सोडली. मला वाटलं, चाचा शाबास म्हणतील. त्यांनी पेटीत पुन्हा हात घातला. निघताना पूर्ण पिकलेले, मऊ पडलेले दोन आंबे वेगळ्या पिशवीत घालून दिले. "हे बाबाले. घोटून दे," म्हणाले, "गाळून."

मी म्हणाले, बाबांना आंबा चोखूनच आवडतो. ते म्हणाले, "तरी बी गाळून दे."

४ मे, रविवार

बाबा चिडल्यासारखे आहेत. बोलत नाहीत, बोलले तर तोंडातल्या तोंडात. कानात कापूस घातला आहे, दाढेची कळ कानात जाते म्हणाले. एवढ्या उकाड्यात गळ्याला उपरणं. भाकरी खात नाहीत, वरणात भिजवून पितात. मी विचारलं, दवाखान्यात जाऊ या का? म्हणाले, अठरा तारीख होऊ दे. दाढ काय पळून जाते?

मला वाटतं, त्यांना माझी काळजी लागली आहे. मी नापास झाले तर बोलणी त्यांच्या हाताला बसतील, कचरूची पोरगी म्हणून. म्हणून मी आज तिसऱ्यांदाही कोशिंबीर केली.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. दरवर्षी विहारात खिरीचं पातेलं बाबांकडे असतं. या वर्षी त्यांनी नाही म्हणून सांगितलं. वंदनेलाही पुढे बसले नाहीत, मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. बाबांचा आवाज विहारात सगळ्यांच्या वर असतो, आज मला तो सापडलाच नाही. समितीवाल्यांशी काही वाजलं असेल. विचारलं नाही.

खीर मात्र दोन पेले घेतली. पुरी माझ्या पानात टाकली. बारीक झाले आहेत. सदरा खांद्यावरून उतरतो. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच बारीक होतात, असं आई म्हणाली, आणि उठून आत गेली.

१५ मे, गुरुवार

तीन दिवस राहिले. आता लिंबूही काढलं. बाबा म्हणाले, आंब्याला स्वतःची आंबट चव आहे. पाडाचा आंबाही नको, पूर्ण पिकलेला घे. कांदा आधी मिठाच्या पाण्यात ठेवून मऊ करायचा. काकडीच्या बिया काढायच्या, सालही काढायची. आणि तुकडे आणखी बारीक.

आता मी मोहरीएवढं चिरते. चिरते म्हणजे दोन सुऱ्या एकावर एक चालवते. बोटांना फोड आले आहेत. वाटीत बघितलं तर कांदा कुठला, आंबा कुठला, समजत नाही. मनालीताईच्या फोटोत चौकोन होते, रंग वेगवेगळे दिसत होते. खरं लिहायचं तर मला ते जास्त आवडलं होतं.

धीर करून विचारलं, "बाबा, हे फारच बारीक होत नाही का?"

बाबा माझ्याकडे खूप वेळ पाहत राहिले. मग वाटीकडे. म्हणाले, "बरोबर हाय, माय. असंच कर."

मी शंका घेतली याचं वाईट वाटलं. सव्वीस वर्षं.

१८ मे, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

उकंडरावांनी झिंगे रव्यात घोळून तळले. मी माझी वाटी मध्ये ठेवली. गुलाबरावांनी चमचाभर घेतलं, थोडं थांबले, म्हणाले, चव बरी आहे, पण हे नेमकं काय आहे? मनालीताईने चमचा तिरका केला आणि ते सगळं एकदम घसरून परत वाटीत पडलं. ती चांगली आहे, टाकून बोलली नाही. म्हणाली, मयुरी, यात चावायला काहीच नाही. कोळंबी मऊ असते, तिच्याबरोबर दाताला काहीतरी लागायला हवं. तिखट नाही, आंबट नाही. मी दिलेला कागद तू वाचलास ना?

मी सांगितलं, वाचला, पण बाबांनी सुधारला. एकेक नियम सांगत गेले. मिरचीने झिंग्याचा जीव जातो. तुकडा मोहरीएवढा. लिंबू नको. कांदा मऊ. सांगताना मला वाटत होतं, आता त्यांना पटेल.

उकंडराव हात पुसत कढईपासून इकडे आले. चमचा न घेता बोटाने थोडंसं चाखलं. मला म्हणाले, "बाबा भाकर खातेत का तुहे?"

मी म्हणाले, वरणात भिजवून.

"दात घासाले ब्रश घेतेत का बोटानं घासतेत?"

मी म्हणाले, बोटाने. महिनाभर झाला असेल.

त्यांनी मनालीताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोरी, हे तोंड न उघडणाऱ्या मानसाचं जेवन हाय. माह्या भावाले मी सहा महिने असंच करून घालत होतो. घरी जाय."

मी डबा तिथेच सोडून आले.

बाबा खाटेवर होते. मला बघून आधी विचारलं, कसं झालं? मी म्हणाले, तोंड उघडा. म्हणाले, आधी सांग कसं झालं. मी म्हणाले, नापास, तोंड उघडा.

त्यांनी उघडलं. तेवढंच उघडतं. माझं एक बोट गेलं, दुसरं जाईना. डाव्या गालाला आतून पांढरं, ताणलेल्या कातड्यासारखं, आणि त्याच्या मागे फोड, कडा वर आलेल्या. वास येत होता. उपरणं मी ओढून काढलं. जबड्याखाली गाठ आहे, सुपारीएवढी.

आई दारात उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

२० मे, मंगळवार

अकोल्याला दाखवून आणलं. डॉक्टर तरुण आहेत, घाईत होते, पण नीट बघितलं. गाठ दाबली तेव्हा बाबांनी माझा हात धरला. गालाचा तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट शनिवारी.

डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? बाबा म्हणाले, आठ-पंधरा दिवस. आई खाली बघत राहिली. मी पिशवीतून ही वही काढली आणि वाचलं. १९ एप्रिल, मिरची झोंबली, डोळ्यांत पाणी आलं. २३ एप्रिल, हरभऱ्याएवढा तुकडा जात नव्हता, मुगाएवढा गेला. ४ मे, कानात कळ, गळ्याला उपरणं, भाकरी बंद. १२ मे, आवाज बदलला, वजन कमी. १५ मे, आंबट सहन होत नाही, मोहरीएवढं. वहीत मी हे असं लिहिलेलं नव्हतं. पण वाचताना हेच वाचलं गेलं.

डॉक्टर भराभर लिहून घेत होते. संपल्यावर म्हणाले, "फार उपयोग झाला. इतकं व्यवस्थित कोणी लिहून आणत नाही."

परतताना गाडीत गर्दी होती. शेगावला दर्शन करून आलेली माणसं चढली, एका म्हातारीला बाबांनी जागा दिली आणि मलकापूरपर्यंत उभे राहिले. मी माझी जागा देत होते, ते बसले नाहीत.

चुकलं ते आधी लिहायचं. आज कुठलं आधी लिहू, कळत नाही.

२४ मे, शनिवार

कॅन्सर आहे. नागपूरला ऑपरेशन, लवकर. डावा गाल, जबड्याचा काही भाग, जिभेचा काही भाग. नंतर किरणं. सगळं ऐकून झाल्यावर बाबांनी एकच विचारलं, "चव कळंन का?" डॉक्टर म्हणाले, थोडीफार, कदाचित, नंतर. बाबांनी मान हलवली, जसं कोणी भाजीचा भाव सांगितल्यावर हलवतात.

महिनाभर आधी आणलं असतं तर काही फरक पडला असता का, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, असा हिशेब करू नका. म्हणजे पडला असता.

घरी येऊन आईशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. तुला माहीत होतं, मला का नाही सांगितलं? आई म्हणाली, त्यायनं शपथ घातली होती, अठरा तारीख होईपर्यंत बोलायचं नाही म्हणून. मी म्हणाले, शपथ मोठी की माणूस? तेव्हा ती म्हणाली, "तुह्या त्या कोशिंबिरीच्या दोन वाट्या, तेवढंच त्यायच्या पोटात जाऊन राह्यलं होतं. बाकी सारं थुकून देत. तुले सांगतलं असतं तर तू कोशिंबीर सोडून रडत बसली असती. मंग काय खाल्लं असतं त्यायनं?"

तिने बारीक कापडाने पुसून तीच वाटी माझ्यापुढे ठेवली. संध्याकाळची वेळ झाली होती. मी आंबा घेतला आणि मोहरीएवढा चिरला.

२९ मे, गुरुवार

परवा नागपूरला जायचं होतं, पण खाट तीन तारखेला मिळणार. मनालीताईचा फोन आला. तिला उकंडरावांनी सांगितलं असणार. म्हणाली, पुन्हा करून आण, रविवारी, जमलं तर. मी नाही म्हणाले.

बाबांनी ऐकलं. मला जवळ बसवलं. आता त्यांचं बोलणं समजायला तोंडाकडे पाहावं लागतं. हळूहळू, थांबत, लाळ पुसत बोलले. म्हणाले, मला दवाखान्यात नेलं असतं तर तू अठरा तारखेला गेली नसती. आणि या गावात कोणी कचरूच्या पोरीला नावाने बोलावलं ते पहिल्यांदाच. त्यांना वाटलं होतं, महिन्याने काय होतं. तिखट बंद केलं की उतरेल. मग उतरेना. मग भीती वाटायला लागली आणि भीती वाटायला लागल्यावर तर अजिबात सांगता येईना.

मी विचारलं, मग बरोबर आहे, बरोबर आहे असं का म्हणत होतात? माझी वाटी चुकत होती हे तुम्हाला दिसत होतं.

ते म्हणाले, "मले थंड लागे ते. बरं वाटे." मग म्हणाले, "तू माह्या तोंडाची कोशिंबीर केली, माय. आता लोकायच्या तोंडाची कर. जाय रविवारी."

मी म्हणाले, मी जाणार नाही. ते म्हणाले, मग मी नागपूरला जाणार नाही. आणि भिंतीकडे तोंड करून निजले. हट्टी आहेत. ते खरंच जाणार नाहीत, हे मला माहीत आहे.

१ जून, रविवार

गेले. पाडाचा आंबा, बोराएवढे तुकडे. कांदा कच्चा. दोन मिरच्या, लिंबू. वाढायच्या फक्त दहा मिनिटं आधी मिसळलं, म्हणून पाणी सुटलं नाही. उकंडरावांनी झिंगे दिले. मनालीताईने एक घास घेतला, कुरकुर आवाज झाला, तिने डोळे मिटले. गुलाबराव दुसऱ्यांदा मागून खात होते. उकंडराव म्हणाले, बापाचा हात आहे.

मला पंधरा तारखेपासून यायला सांगितलं आहे.

चांगलं झालं की मला काय वाटतं ते मी लिहीत असते. आज काही वाटलं नाही. तोंडात तो तुकडा होता आणि मला एवढंच कळत होतं की तो मला चावता येतो.

५ जून, गुरुवार. नागपूर

साडेनऊला आत नेलं. सव्वापाचला बाहेर आणलं. आत नेण्याआधी बाबा आईशी काहीतरी बोलले. काय ते तिने सांगितलं नाही. ते त्यांचं आहे.

१४ जून, शनिवार. नागपूर

आज बाबांच्या तोंडावरची पट्टी बदलताना मला बाहेर जायला सांगितलं, मी गेले नाही. चेहरा डावीकडून बसला आहे. छातीवरचं कातडं गालाला लावलंय. नाकात नळी, तिच्यातून दूध आणि पातळ वरण. आई नळी धरते, मी हळूहळू ओतते. बाबा आमच्याकडे बघतात, जसे ते पंगतीला वाढणाऱ्या नव्या पोरांकडे बघायचे, सांडतंय का म्हणून.

उद्या हॉटेल सुरू होतंय. मी राहते म्हणाले. बाबांनी डोळ्यांनीच दार दाखवलं. रात्रीच्या गाडीने निघते.

२२ जून, रविवार. मलकापूर

शुक्रवारी बाबांना घरी आणलं. पुढे किरणं आहेत, तोवर घरी. शकूरचाचा भेटून गेले. बाबांच्या खाटेजवळ बसून त्यांनी बाजारातल्या सगळ्या बातम्या सांगितल्या, एकही प्रश्न विचारला नाही. जाताना मला म्हणाले, आंबा आता संपला, पुढच्या आठवड्यापासून पपई घे, पण मासळीला आधी लावून ठेवू नको, पपईनं मांस गळते.

हॉटेलात आज गर्दी होती. कोलकात्याकडे जाणारं एक कुटुंब, सुरतचे दोघे व्यापारी, गावातलेही बरेच. सतरा वाट्या गेल्या. परत एकही आली नाही. मनालीताईने प्रत्येक वेळी माझ्याआधी चाखलं, उकंडरावांनीही. मीठ, आंबट, तिखट, कुठेच बोट ठेवायला जागा नाही, असं उकंडराव म्हणाले, आणि ते उगीच बोलणारे नाहीत.

शेवटची वाटी झाकून घरी आणली. आई म्हणाली, कशाला आणली, त्यायचा जीव तळमळंन. पण बाबांनी हात पुढे केला. मी वाटी दिली. दोन्ही हातांनी धरून त्यांनी ती नळीच्या बाजूने नाकाशी नेली. बराच वेळ धरून ठेवली. तुकड्यांकडे पाहिलं. एक तुकडा बोटाने हलवून बघितला, पाणी सुटलंय का ते. डोळे मिटले.

मग वाटी मला परत दिली, आणि उजव्या हाताची तीन बोटं जुळवून चिमूट केली. हवेत सोडली. पुन्हा केली.

मीठ.

आई माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "हो बाबा. कमीच पडलंय. मला वाटलंच होतं. उद्यापासून टाकते."

त्यांनी मान हलवली. एवढे दिवस मी तो चेहरा पाहिला नव्हता, चूक पकडल्यानंतरचा. मग उशीला टेकले आणि त्यांना झोप लागली.

मीठ बरोबर होतं.